लाल दोऱ्याचे दोन सेल

आमच्या ऑफिसातलं भिंतीवरचं घड्याळ मी नोकरीला लागले तेव्हा सव्वादहावर बंद होतं आणि चार वर्षांनी नोकरी सोडली तेव्हाही त्यात सव्वादहाच वाजलेले होते. घड्याळ बिघडलेलं नव्हतं. त्याला एक पेन्सिल सेल हवा होता आणि ऑफिसातले सगळे सेल सांभाळणारे काकाजी तो देत नव्हते. मी आणून टाकते म्हटलं तर तेही चालत नव्हतं. "बाजारातला सेल या दरवाज्यातून आत आला," ते म्हणायचे, "का आज घड्याळात, उद्या मशीनमंदी. टाइम पाहाचा असन तं बाहेर जाऊन ऊन पाह्य." मी गोंदिया शहरात वाढलेली, बी.एस्सी. झालेली मुलगी. मला उन्हावरून वेळ ओळखायला लावणाऱ्या या म्हाताऱ्याचा पहिल्याच आठवड्यात इतका राग आला की मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही. त्यांना ते कळलंसुद्धा नाही.

आमची संस्था म्हणजे कोहमाऱ्याच्या फाट्यावर एका ढाब्यामागच्या तीन खोल्या. काम होतं जुन्या मालगुजारी, म्हणजे पूर्वीच्या जमीनदारांनी बांधलेल्या, तलावांच्या मोजणीचं. हातात मावणारी चार जीपीएस यंत्रं होती. यंत्र सुरू करून तलावाच्या काठानं चालत गेलं की चाललेल्या वाटेची रेघ त्यात उमटत जाते. पूर्ण चक्कर मारून निघाल्या जागी आलं की रेघेची दोन्ही टोकं जुळतात आणि तलावाचा आकार हातात येतो. मधेच यंत्र बंद पडलं तर रेघ तुटते, आणि तुटलेल्या रेघेवर भांडायला गावात माणसं कमी नसतात. प्रत्येक यंत्रात दोन पेन्सिल सेल, पुन्हा पुन्हा चार्ज होणारे. म्हणजे आमचे सगळे नकाशे त्या सेलांच्या जिवावर, आणि सेल काकाजींच्या ताब्यात.

काकाजींचं खरं नाव फक्त हजेरीपटावर होतं. संस्थेत येण्याआधी तीस वर्षं त्यांचं फाट्यावरच ट्रकच्या बॅटऱ्या चार्ज करायचं दुकान होतं. रायपूरकडून नागपूरकडे जाणारे ड्रायव्हर ढाब्यावर जेवायला उतरायचे आणि बॅटरी यांच्याकडे टाकायचे. पुढे पाणी न घालता चालणाऱ्या बंद बॅटऱ्या आल्या आणि दुकानाचं काम संपलं. मी नोकरीला लागण्याआधी एकदा ऑफिसच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घालायला त्यांना बोलावलं होतं. पाणी घालून झालं, चहा प्यायला बसले, आणि त्यांची नजर टेबलावरच्या स्टीलच्या ताटलीकडे गेली. त्यात आमचे सगळे सेल एकत्र पडलेले होते. नवे, जुने, भरलेले, रिकामे. काकाजींनी चहा खाली ठेवला. "हे कोनं केलं?" त्यांनी असं विचारलं की जणू कुणाचा खून झाला होता. ते दुसऱ्या दिवशी सकाळी कुणी न बोलावता आले, ताटली समोर घेऊन बसले आणि मग गेलेच नाहीत. संस्थेनं शेवटी त्यांना पगार सुरू केला.

सेलांची त्यांनी लग्नं लावली होती, दुसरा शब्द नाही. सारख्या ताकदीचे दोन सेल निवडायचे, दोघांना एकाच रंगाच्या दोऱ्याचा एक बारीक वेढा द्यायचा आणि तो सुटू नये म्हणून वरून नखपॉलिश लावायचं. लाल जोडी, हिरवी जोडी, पिवळी जोडी, अशा बारा जोड्या. जोडी एकत्र चार्ज व्हायची, एकत्र यंत्रात जायची आणि एक सेल म्हातारा झाला की दुसराही निवृत्त व्हायचा. मी एकदा शहाणपणा करून म्हटलं, "काकाजी, हिरव्यातला एक चांगला आहे, पिवळ्यातला एक चांगला आहे, दोघांना लावू ना." त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "एक बैल दमला का दुसरा त्याले फरफटत नेते, बाई. मंग दोघंही मरतेत. बॅटरी आपल्यानं मरत नाई, तिले मारतेत." पुस्तकात हेच लिहिलं आहे, फक्त तिथे बैल नाहीत.

सेल भरला की नाही हे चार्जरचा दिवा सांगतो. काकाजींचा दिव्यावर विश्वास नव्हता. आमच्याकडे वीज दिवसातून चारदा जायची, आणि आली की चार्जर बिचारा पहिल्यापासून मोजायला लागायचा. म्हणून ते चार्जरसमोर स्टूल टाकून बसायचे आणि अधूनमधून सेल काढून गालाला लावायचे. कोमट लागला म्हणजे भरत आला, चांगला गरम म्हणजे भरला, चटका बसला म्हणजे आजारी. एकदा काकूजी डबा घेऊन आल्या तेव्हा काकाजी डोळे मिटून सेल गालाला लावून बसलेले. काकूजी मला म्हणाल्या, "मले ताप आला तं कपाराले हात नाई लावला या मानसानं कधी. अन् या नळकांड्याईले पाह्य कसा गाल लावते!" काकाजींनी डोळे न उघडता सांगितलं, "तुले बोलता येते. याईले नाई येत."

मोजणीला निघताना त्यांची शिकवण असायची. यंत्र छपराखाली सुरू करायचं नाही, कारण उपग्रह दिसत नाहीत आणि ते शोधण्यात सेल झिजतात. आधी उघड्यावर जायचं, उभं राहायचं, मग बटन. पडद्याचा उजेड बंद. आणि मुख्य म्हणजे यंत्राचं तोंड सारखं पाहायचं नाही. थंडीत सेल मंदावतात म्हणून डिसेंबरात ते जोड्या बनियनच्या आत ठेवून आणायचे. आम्ही हसायचो, पण बाकीच्या संस्थांची यंत्रं दुपारी जेवणाच्या वेळी मान टाकायची आणि आमची दिवस मावळेपर्यंत चालायची, हे खरं.

नागपूरहून आलेल्या आमच्या नव्या साहेबांना हे सगळं फार मागासलेलं वाटलं. त्यांनी बाजारातून सेलांचा एक गठ्ठा आणला. वर छापलेला ताकदीचा आकडा आमच्या सेलांच्या दुप्पट. "काकाजी, सायन्स पुढे गेलं आहे." काकाजींनी सायकलच्या दिव्याचे दोन सारखे बल्ब आणले, एकाला साहेबांचे सेल जोडले, दुसऱ्याला आपली पिवळी जोडी, आणि दोन्ही साहेबांच्या टेबलावर ठेवले. सकाळी दहाला. चहाच्या वेळेला साहेबांचा बल्ब लाल पडला, जेवणाआधी विझला. पिवळ्या जोडीचा बल्ब साहेब घरी जायला निघाले तरी जळत होता. "सायन्स पुढंच गेलं हाये, साहेब," काकाजी म्हणाले, "छापणारे त्याच्या बी पुढं गेले." साहेब मनाचे मोठे. तो गठ्ठा त्यांनी स्वतः परत केला.

आता त्या दिवसाबद्दल सांगते, ज्याच्यामुळे मला हा माणूस कळला.

सडक अर्जुनी तालुक्यातलं एक गाव. तलाव मोठा, वरच्या अंगाला हाताच्या बोटासारखा आत शिरलेला एक फाटा. ढिवरांच्या सोसायटीनं तलाव मासेमारीला घेतलेला. त्यांची मासळीची पिल्लं त्या उथळ फाट्यात वाढायची. फाटा नसेल तर तलाव असून नसल्यासारखा. पण फाट्याच्या काठानं एका मोठ्या शेतकऱ्याच्या बांध्या, म्हणजे धानाची शेतं होती, आणि ती वर्षा-वर्षाला हातभर पुढे सरकत होती. त्यांचं म्हणणं, फाटा तलावात नाहीच, ती त्यांची ओलीची जमीन. मी त्यांना भाऊसाहेब म्हणते. सोसायटीच्या अध्यक्षबाई चाळिशीच्या, आवाज अख्ख्या पाळीवर, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधावर, ऐकू जाईल असा. त्यांनी ग्रामसभेत सांगितलं, "तलाव भरला का मोजा. पानी जेथवर, तलाव तेथवर." हे सगळ्यांनी मान्य केलं. भाऊसाहेबांनीही केलं, कारण त्यांना ठाऊक होतं की तलाव तुडुंब असतो तो मोजून चार दिवस. मग खालच्या धानाला पाणी लागतं, तुडुम उघडतात, म्हणजे पाळीतून शेताकडे पाणी सोडायचं जुनं दार, आणि फाटा आठवड्यात कोरडा पडतो.

नेमकं तसंच झालं. पंच, दोन्ही बाजूची माणसं आणि काकाजींसकट आम्ही असे सगळे एकत्र जमलो तो दिवस तुडुम उघडायच्या आधीचा शेवटचा निघाला. खालच्या लोकांचं धान वाळायला लागलेलं, ते थांबणार नव्हते आणि त्यांना थांबा म्हणायला तोंडही नव्हतं. एकच दिवस होता.

सकाळी साडेसातला पाळीवरच्या दगडापासून सुरुवात. भाऊसाहेबांनी पहिला अडंगा टाकला, "मशीनमंदी आधीच काही भरून आणलं नसन कशावरून? पुसा सगळं." ठीक आहे. सगळ्यांसमोर मी यंत्र पार कोरं केलं. दुसरी अट, "एकदा चालू झालं का दगडावर परत येईपर्यंत बटनाले हात लावाचा नाई." तीही पंचांनी लिहून घेतली. यंत्रात लाल जोडी होती. आदल्या दिवशी वीज तीनदा गेली होती आणि काकाजींनी ती जोडी गालाच्या भरवशावर काढली होती. जादा म्हणून हिरवी आणि पिवळी जोडी माझ्याकडे, काकाजींनी जुन्या खाकी पँटीच्या कापडाची शिवलेली, प्रत्येक सेलाला वेगळा कप्पा असलेली पिशवी गळ्यात अडकवून. जादा सेल घालायला मागचं झाकण उघडायचं, यंत्र परत सुरू करायला तेवढ्यापुरतं एकदाच बटन दाबायचं, त्यात आधीची रेघ पुसली जात नाही आणि जागेवरच उभं राहिलं तर तुटतही नाही, हे पंचांना आधी समजावून मान्य करून घेतलं होतं. घालायला लागणारं अर्धं मिनिट सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

आणि मी काय केलं? ती खाकी पिशवी गळ्याला टोचत होती. दिसायलाही बरी नव्हती, खरं कारण तेच. मी चारही सेल काढून माझ्या पर्सच्या बाजूच्या खिशात टाकले. त्या खिशात घराच्या आणि स्कूटीच्या किल्ल्यांचा जुडगा होता.

बेशरमाच्या झुडपांतून, गुडघाभर चिखलातून आम्ही चालत होतो. यंत्र पंचांपैकी एकाच्या हातात. दर शंभर पावलांवर वाद. इथे पाणी आहे, इथे नुसती ओल आहे. अध्यक्षबाई वाकून ओंजळ भरायच्या आणि भाऊसाहेबांच्या पायांजवळ ओतायच्या, "हे काय हाये मंग?" दुपारी बाराच्या सुमाराला मला कमरेला गरम लागलं. पर्स उघडली तर जळका वास. सेल किल्ल्यांना टेकून शॉर्ट झाले होते आणि आतल्या आत रिकामे झाले होते. हात लावला तर चटका बसला. दोन्ही जोड्या संपल्या होत्या.

मी पर्स उघडी करून काकाजींसमोर धरली. त्यांनी चारही सेल घेतले, एकेक फिरवून पाहिला आणि आपल्या रुमालात बांधले. माझ्यावर ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

फाट्याच्या तोंडाशी पोहोचलो तेव्हा दोन वाजले होते. आणि तिथे यंत्र टुंग करून वाजलं. पडद्यावर बॅटरी कमी असल्याची सूचना. चार पट्ट्यांपैकी एक उरलेली.

भाऊसाहेबांचा चेहरा असा खुलला की बस्स. "मशीन खतम झाली न! बसा आता. जेथवर झालं तेथवर सही करू. फाटा राहिला तं राहिला, नंतर पाहू." नंतर म्हणजे कधी हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. यंत्र फाट्यात अर्ध्यावर बंद पडलं असतं तर भाऊसाहेबांचं म्हणणं कायमचं कागदावर आलं असतं. पंचही कुरकुरायला लागले. दोघं तर सावलीत जाऊन बसलेही. अध्यक्षबाई काकाजींकडे पाहत होत्या.

काकाजींनी मला विचारलं, "सकारी पुसलं तवा मशीनले सांगतलं का, का आपले सेल कोणते हायेत?"

आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. यंत्रात एक जागा असते, तिथे सेलाचा प्रकार सांगायचा असतो. कोरं केल्यावर यंत्र तेही विसरलं होतं आणि आपल्या पोटात बाजारातले वापरून फेकायचे सेल आहेत असं समजून चाललं होतं. त्या सेलांचा विजेचा दाब जास्त, आमच्यांचा मुळातच कमी. म्हणून त्याला आमचे धडधाकट सेल मरायला टेकलेले वाटत होते. ही माझी त्या दिवसातली दुसरी चूक. सुधारायला बटन लागत होतं, आणि बटनाला हात लावायचा नव्हता.

"नाई सांगितलं," मी म्हटलं आणि रडायलाच लागले.

"रडू नोको. कोणती जोडी हाये?"

"लाल."

ते पंचांकडे वळले. मोठ्यानं बोलले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मशीन खोटं बोलून राहिली. तिले समजून नाई राहिलं का पोटात काय हाये. हे सेल मी सोता काढले. दिवस बुडेपर्यंत चालतेत. चाला."

"कशावरून चालतेत?" भाऊसाहेब. "काही कागद हाये का?"

"कागद नाई. गाल हाये." काही जण हसले. काकाजी हसले नाहीत. "भाऊ, तुमी म्हणता बंद पडन. मंग डर कायले? चाला संगं. पडली बंद तं फाटा तुमचा. पंचाईसमोर बोलतो."

हे बोलायचा त्यांना काय अधिकार होता? काहीच नव्हता. फाटा त्यांचा नव्हता, तलाव त्यांचा नव्हता. मी अध्यक्षबाईंकडे पाहिलं. आता त्या काय म्हणतील? त्यांनी पदर कमरेला खोचला आणि म्हणाल्या, "बोलले तं बोलले. काकाजीचा शब्द आमचा शब्द. चाला."

पुढचे तीन तास मी आयुष्यात विसरणार नाही. फाट्याच्या एका काठानं आत, टोकाला वळसा, दुसऱ्या काठानं बाहेर. भाऊसाहेब मुद्दाम सावकाश चालत होते. आधी पाणी प्यायला थांबले, मग चपलेतला काटा काढायला, मग आपल्या बांधीतलं धान दाखवायला. काकाजी फक्त त्यांच्याबरोबर थांबत होते आणि पुन्हा चालायला लागत होते. यंत्र दर थोड्या वेळानं टुंग वाजायचं. ती एक पट्टीही शेवटी गेली. रिकामी चौकट नुसती लुकलुकत होती. मी काकाजींच्या शेजारी चालत होते, आणि मला दिसलं की दर टुंगला त्यांचा हात आपोआप गालाकडे जातो आहे. त्यांनाही भीती वाटत होती! ज्या माणसाला मी इतके दिवस हेकट म्हणत होते, त्यानं वीज तीनदा गेलेल्या दिवशी गालाला लागलेल्या उबेवर सोसायटीतल्या चाळीस कुटुंबांचा तलाव पणाला लावला होता आणि हे त्याला पुरतं कळत होतं.

फाटा संपला. पाळ लागली. पाळीवरून दगड दिसायला लागला तशी माणसं नकळत भरभर चालायला लागली, मग पळायलाच लागली. यंत्र हातात घेतलेला पंच पन्नाशीचा, पोट सुटलेला, तोही पळत होता. सोसायटीच्या बायका आधीच दगडाजवळ जमल्या होत्या. पाच वाजून काही मिनिटांनी पंचानं यंत्र दगडावर ठेवलं.

आता बटन दाबायची परवानगी होती. मी दाबलं. रेघ पूर्ण होती. कुठेही न तुटता ती तलावाभोवती फिरली होती आणि वरच्या अंगाला ते बोट सबंधच्या सबंध तिच्या आत आलं होतं. अध्यक्षबाई मान पुढे करून पाहत होत्या. "अठी काय हाये? हे टोक?"

"तुमचा फाटा," मी म्हटलं.

त्यांनी पाळीवर वळून जी आरोळी दिली ती पलीकडच्या गावात गेली असेल. बायका नाचायला लागल्या. कुणीतरी थाळी वाजवायला सुरुवात केली. भाऊसाहेबांनी वाकून पडद्याकडे पाहिलं. चौकट अजून लुकलुकत होती, यंत्र चालूच होतं. त्यांनी बंडीतून पेन काढलं आणि सही केली. मग काकाजींना म्हणाले, "काकाजी, माह्या ट्रॅक्टरची बॅटरी एकदा पाह्यून द्या जी." काकाजी म्हणाले, "आना कोहमाऱ्याच्या फाट्यावर."

सोसायटीच्या माणसांनी डोंगा पाळीला लावला होता. काकाजींना पाण्यातून फाट्यापर्यंत मिरवत नेऊन आणायचं असा त्यांचा हट्ट. काकाजींना पोहता येत नव्हतं, आणि तीस वर्षं कोहमाऱ्याच्या फाट्यावर काढलेल्या त्या माणसानं डोंग्यात कधी पाय ठेवला नव्हता. नाही म्हणता म्हणता त्यांना बसवलंच. बसण्याआधी त्यांनी यंत्र उघडलं, लाल दोऱ्याचे दोन सेल काढले आणि माझ्या हातावर ठेवले. मोजणी संपली की जे ते कधी कुणाच्या हाती देत नसत, ते दोन सेल. दुपारी चार सेल जाळलेल्या माझ्या हातावर. म्हणाले, "सांभाळ." मला पुन्हा रडू आलं.

डोंगा पाण्यावर गेला. काठानं बायका पोरं ओरडत धावत होती. फाट्याच्या तोंडाशी पोहोचल्यावर काकाजींना काय वाटलं कोण जाणे, ते उठून उभेच राहिले. दोन्ही हात वर, डोक्याचा पंचा हातात फडकतोय, बॅटरीच्या ॲसिडनं भोकं पडलेली जुनी पँट पोटरीपर्यंत दुमडलेली. डोंगा डावीउजवीकडे हलायला लागला. वल्हं मारणारा घाबरून ओरडला, "बसा जी, बसा! डोंगा पलटन!"

"पलटू दे!" काकाजी ओरडले. "तलाव आपलाच हाये!"